सात नंबरची कणीक

"या चोवीस वाफ्यांत कुठला वाफा कुठला, हे या भूतलावर फक्त एका माणसाला माहीत आहे," असं म्हणून डॉ. तगारेंनी लोखंडी कपाटाला किल्ली लावली, दार दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि खिशावर थाप मारली. किल्लीला धीर दिल्यासारखी.

"म्हणजे तुम्हाला," मी म्हणालो.

"मला. आणि विज्ञानाला."

समोर ओगलेबाई बसल्या होत्या. त्या विज्ञानातर्फे काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी नुसता चष्मा पुसला.

ही एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळदऱ्याच्या गहू संशोधन केंद्रात मी संशोधन सहायक होतो. म्हणजे संशोधन दुसरे करीत आणि साहाय्य मी. पेरणी, पाणी, कापणी, वजन आणि शेवटी तक्ता भरणं ही माझी कामं. डॉ. तगारे केंद्रप्रमुख. केंद्राचं प्रमुख असणं हे त्यांचं काम, आणि ते ते सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, मधली झोप वगळता, अखंड करीत.

डॉ. सुमेधा ओगले यांची नेमणूक मात्र तात्पुरती होती. प्रकल्प असेपर्यंत बाई असणार. प्रकल्प असा, की राय नावाचं एक धान्य असतं, थंड मुलखातलं, गव्हाच्या चुलत घराण्यातलं. त्याच्या एका गुणसूत्राचा तुकडा गव्हाच्या अंगात बसवलेला परदेशी गहू बाईंनी मिळवला, आपल्याकडच्या गव्हाशी त्याचा संकर केला आणि पिढ्यामागून पिढ्या निवडत सहा वर्षांत दोन सख्खे भाऊ तयार केले. एकाच्या अंगात रायचा तुकडा, दुसऱ्याच्या अंगात नाही. बाकी नाकडोळे तेच. तुकडा असला की तांबेरा रोग जवळ येत नाही, हे ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की त्या तुकड्यानं उत्पन्नही वाढतं का?

त्यासाठी दोन्ही भावांचे बारा-बारा वाफे, गुंठ्या-गुंठ्याचे, दर वर्षी नव्यानं मिसळून लावायचे. वाफ्यांना एक ते चोवीस आकडे. कुठला रायचा आणि कुठला साधा, याची यादी तगारेंच्या कपाटात. कुणी कुणाचे लाड करू नयेत म्हणून. अशी दोन वर्षं झाली होती आणि दोन्ही वर्षी रायवाल्यानं बारा टक्के जास्त दिलं होतं. बारा टक्के म्हणजे गव्हाच्या जगात लॉटरीच. तगारेंनी वाणाचं नावही ठरवून टाकलं होतं. "मनोहर".

"तुमचंच नाव, साहेब," मी म्हणालो होतो.

"योगायोग आहे," ते म्हणाले होते, आणि इतक्या गंभीरपणे, की बारशाला योगायोगच येऊन पाळणा म्हणून गेला असावा.

आता हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. पंचवीस मार्चला समिती येणार होती. वाण मंजूर झाला तर प्रकल्पाला तीन वर्षांची मुदतवाढ. नाही झाला, तर एकतीस मार्चला प्रकल्प बंद आणि ओगलेबाई घरी. हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाई त्यावर कधी बोलत नसत. फक्त त्या वर्षी त्यांनी रोज सकाळी कामावर यायच्या आधीच वाफ्यांतून एक चक्कर मारायला सुरुवात केली होती. परीक्षेच्या हॉलबाहेर आई उभी राहते, तशी.

त्या दिवशी मी घरी जेवायला गेलो. होळी तीन आठवड्यांवर होती. बायकोनं, नलिनीनं, पानात पोळी टाकली आणि म्हणाली, "अहो, कापणी कधी आहे तुमची?"

"दहा-बारा दिवसांत."

"मग ठकूबाईंना आत्ताच सांगून ठेवा. गेल्या वर्षी बारा नंबरचा गहू दिला होता, तसलाच द्या म्हणावं. पुरणपोळ्या करायच्यात. त्याच्या आधी चुकून सात नंबरचा दिला होता, अख्खी कणीक परातीला चिकटून बसली. उलथन्यानं खरवडली मी."

माझा घास हातात राहिला.

"सात नंबरचा म्हणजे?"

"म्हणजे सात नंबरच्या वाफ्यातला. तुम्ही तिथंच कामाला आहात ना?"

ठकूबाई पगारे आमच्याकडच्या रोजंदारीवरच्या बायांची म्होरकी. कापणी झाली की शेतात पडलेल्या लोंब्या बाया वेचून नेत. याला सरवा म्हणतात, आणि तो वेचणाऱ्याचा हक्क. हे त्या भागात सूर्य उगवण्याइतकं जुनं होतं. आमच्या केंद्रात १९७४ च्या एका परिपत्रकानं सरवा बंद केलेला होता. त्यामुळे तो परिपत्रकात बंद होता आणि शेतात चालू होता, आणि दोघांची कधी गाठ पडत नसे. तक्त्यात चौदावं कलम असे: 'वजनापूर्वी पिकाचा काही भाग उचलला गेला काय?' त्यापुढे मी नऊ वर्षं न चुकता 'निरंक' लिहीत होतो. आणि दर वर्षी होळीच्या आधी ठकूबाई अडीच-तीन किलो गहू आमच्या ओट्यावर ठेवून जात असे. मला तो तिचा चांगुलपणा वाटे.

मी जेवण तसंच टाकून शेतावर गेलो. ठकूबाई बांधावर बसून भाकरी खात होती.

"ठकूबाई, गेल्या वर्षीचा सात नंबर कसा होता?"

"चिकट," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

"आणि बारा?"

"सोनं."

"बाकीचे सांगता येतील?"

तिनं भाकरी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं मोजत धडधड सांगितलं. एक चिकट, चार चिकट, सात चिकट, आठ... बारा आकडे झाले आणि ती थांबली. मी खिशातल्या कागदावर लिहून घेतले.

"यंदाचे?"

"यंदाचं अजून पुरतं वाळलं न्हाई. पन चला."

वाफ्यांच्या कडेनं ती चालत गेली. मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "ह्यो चिकट. ह्यो न्हाई. ह्यो चिकट, ह्यो बी. भाऊसाहेब, चिकट्या उशिरा वाळतो. शेजारचा पिवळा झाला तरी ह्याच्या अंगात हिरवं ऱ्हातंच. ताईंच्या बियान्याच्या वाफ्यापासनंची वळख हाये ती."

"मग सरवा कुठून वेचता तुम्ही?"

घास तोंडात घालता की कानात, असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं. "चांगल्यातनं. चिकट्याचा नेऊन काय भिताडाला फोटो चिकटवायचेत?"

"पण चांगल्यात पडतात का एवढ्या लोंब्या?"

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "आपसूक कशा पडतील? कापताना हात जरा सैल सोडावा लागतो. चार लोंब्या मागं ऱ्हायल्या न्हाईत तर सरवा कसला, नुसता भुईला नमस्कार."

"आणि चिकट्यात?"

"तिथं हात घट्ट," ठकूबाई म्हणाली. "उगा सरकारचं नुकसान कशाला करायचं?"

मी बांधावर बसलो. माझं गणित बेताचं आहे, पण एवढं मला येत होतं. रायचा तुकडा अंगात असला की कणीक चिकट होते. कणीक चिकट झाली की बाया त्या वाफ्यात हात घट्ट ठेवतात. हात घट्ट ठेवला की दाणा न् दाणा आमच्या काट्यावर येतो. शेजारच्या साध्या वाफ्यातला दाणा सहा जणींच्या ओच्यात जातो. आणि दोन्ही वजनांतला जो फरक, त्याला डॉ. तगारे दोन वर्षं रायचा चमत्कार म्हणत होते. त्या चमत्काराच्या पोळ्या मी दोन वर्षं होळीला साजूक तूप लावून खात आलो होतो.

संध्याकाळी मी कागद घेऊन ओगलेबाईंच्या प्रयोगशाळेत गेलो. गेल्या वर्षीची यादी आता गुप्त नव्हती, अहवालात छापलेली होती. बाईंनी अहवाल काढला, माझा कागद शेजारी ठेवला आणि पेन्सिलीनं एकेका आकड्यावर टिंब दिलं.

"बारापैकी बारा," त्या म्हणाल्या. "माझ्या चाचणीला तीन आठवडे लागतात, कुलथे. आणि बारापैकी दहाच बरोबर येतात."

"त्यांना परात पुरते."

बाई हसल्या नाहीत. "चिकटपणा रायच्या प्रथिनाचा आहे, तो मला माहीत होता. तुकड्यातला तेवढाच कोपरा वगळता आला तर पोळी चांगली होईल. तीन वर्षांत जमेल मला ते. मुदतवाढ मागितलीय ती त्याचसाठी." मग थांबून म्हणाल्या, "पण उत्पन्नच वाढत नसेल तर... सरवा किती जातो?"

"नक्की नाही सांगता येणार. आमच्याकडे अडीच-तीन किलो येतो."

"तुमच्याकडे?"

"हो."

"निरंक लिहून?"

"निरंक लिहून."

बाईंनी अहवाल मिटला. "पोळ्या कशा होतात?"

"मऊ," मी म्हणालो. खोटं किती बोलायचं? "दुसऱ्या दिवशीसुद्धा."

दोन दिवस त्या जुने अहवाल चाळत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि ठकूबाईला शेतावरच्या चिंचेखाली बोलावलं.

"ठकूबाई, यंदा तुम्ही दर वर्षीसारखीच कापणी करायची. हात सैल तिथं सैल, घट्ट तिथं घट्ट. सरवाही वेचायचा. फक्त घरी न्यायच्या आधी वाफ्यावाफ्याचा वेगळा बांधून माझ्याकडे आणायचा. मी दाणे काढून वजन करीन आणि परत देईन."

"वजन कशापायी, ताई?" ठकूबाईच्या कपाळाला आठी पडली. "सरव्याचं वजन आजवर कुनी केलं न्हाई. आज वजन कराल, उद्या मोजून घ्याल."

"मी नाही घेणार."

"तुमी न्हाई घेनार. पन तुमी किती दिस हायेत हितं?"

ओगलेबाई वाफ्यांकडं पाहू लागल्या. ठकूबाईलाच मग वाईट वाटलं असावं. "आणते," ती म्हणाली. "पन दाना कमी भरला तर तुमच्या पराती पुसून घिऊ."

कापणीला मी मुद्दाम बांधावर उभा राहिलो. नऊ वर्षं मी हीच कापणी पाहत आलो होतो आणि मला कधी काही दिसलं नव्हतं. आता दिसत होतं. साध्या वाफ्यात शिरल्या की बायांच्या गप्पांना बहर येई, एकीच्या सुनेचं प्रकरण निघे, मूठ ढिली पडे, आणि विळ्यामागे लोंब्यांचा सडा पडे. चिकट वाफ्यात शिरल्या की सगळ्या एकदम कर्तव्यदक्ष. सून तिथंच बांधावर थांबलेली. मागं भुई अशी स्वच्छ, की पाखरांनीही दुसरं गाव बघावं.

डॉ. तगारे दुपारी एकदा छत्री घेऊन आले आणि पाच मिनिटं उभे राहिले. उभे होते नेमके चिकट वाफ्यापाशी. "पाहा कुलथे," ते म्हणाले, "आपल्या केंद्रातली कापणी. एक लोंबी दिसते का खाली? उद्या माहिती अधिकाऱ्याला फोटो काढायला पाठवतो."

चार दिवसांनी मळणी आणि वजनं संपली. यादी अजून कपाटातच होती, म्हणून ठकूबाईनं ओळखलेले चिकट वाफे वेगळे काढून ओगलेबाई चिंचेखाली आकडे मांडून बसल्या. साध्या वाफ्याची सरासरी चौतीस किलो, रायवाल्याची अडतीसच्या वर. बारा टक्के, नेमानं. मग त्यांनी सरव्याचे आकडे मिळवले. साध्या वाफ्यातून सरवा निघाला होता पावणेचार किलो. रायवाल्यातून मूठभर. दोन्ही भाऊ अडतीसच्या आसपास येऊन खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फरक सव्वा टक्का, म्हणजे नसल्यासारखाच.

"तीन वर्षं इथे तांबेरा आला नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "आला असता तर साधा झोपला असता आणि हा उभा राहिला असता. तेव्हा खरा फरक दिसला असता."

म्हणजे आम्ही पहारेकरी ठेवला होता आणि चोर फिरकलाच नव्हता. आणि तगारेसाहेब मात्र सांगत फिरत होते, की पहारेकरी ठेवल्यापासून घरातली तिजोरी वाढली.

मी तक्ता काढला. 'वजनापूर्वी पिकाचा काही भाग उचलला गेला काय?' पेन तिथं थांबलं.

"काय लिहिणार, कुलथे?" बाईंनी विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणालो. "निरंक. माझी नऊ वर्षं आहेत त्यात, मॅडम. आणि दोन मुलं."

बाई काहीच बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. ते न बोलणं मला फार लागलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर मी उलट बोललो असतो आणि विषय मिटला असता. पुढचे दहा दिवस मी घरी नीट जेवलो नाही. बायको म्हणाली, होळीला चेहरा असा असेल तर आपणच बोंब मारू या का? मला सारखं दिसत होतं, ही एकटी बाई समितीपुढं उभी राहणार, सरव्याचं सांगणार, तगारे माझा 'निरंक' काढून दाखवणार आणि सगळ्यांसमोर ती खोटी ठरणार. एवढ्या वर्षांच्या कामाला ही शिक्षा, आणि ती माझ्या हस्ताक्षरात.

पंचवीस मार्चला समिती आली. अध्यक्ष डॉ. हळबे, सत्तरीचे, स्वतःच्या शेतावर बैल हाकलेले गृहस्थ. सोबत दोन सदस्य, ते सदस्यच होते. तगारेंनी पाऊण तास भाषण केलं, त्यात "मनोहर" हा शब्द एकोणीस वेळा आला. मी मोजले, कारण मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ओगलेबाई कोपऱ्यात खिडकीशी बसल्या होत्या. गप्प. मी त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं.

हळबे तक्ता एकेक कलम मोठ्यानं वाचत होते. "पाण्याच्या पाळ्या, पाच. ठीक. रोग, नाही. ठीक. वजनापूर्वी पिकाचा काही भाग... निरंक. ठीक. पुढे..."

मी उभा राहिलो. पाय माझेच होते, पण परवानगी मागितली नव्हती त्यांनी.

"साहेब, ते निरंक खोटं आहे."

हॉलमधला पंखासुद्धा जरा दबकला.

"कुणी लिहिलंय?" हळब्यांनी विचारलं.

"मी. नऊ वर्षं लिहितोय."

मग मी सगळं सांगितलं. सैल हात, घट्ट हात, चिकट कणीक, आणि माझ्या घरचे अडीच किलो. ते सांगताना आवाज जरा चढलाच. खोटेपणा कबूल करताना माणूस किती थोर वाटू लागतो, याचा मला पहिल्यांदाच अनुभव येत होता.

तगारे उठले. "अध्यक्षमहाराज, सरवा या केंद्रात १९७४ च्या परिपत्रकानं बंद आहे. जे बंद आहे ते होत नाही. आणि जे होत नाही, त्यामुळे उत्पन्न कमी कसं होईल?"

"मग यांच्या घरी अडीच किलो कशाचे येतात?"

"तो त्यांचा खाजगी प्रश्न आहे."

"आणि वाफे ओळखता येतात बायांना, हे?"

"अशक्य." तगारेंनी खिशावर थाप मारली. "यादी कपाटात होती. किल्ली इथे."

"त्या बाईंना बोलवा," हळबे म्हणाले.

ठकूबाई दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. आधी तिनं माझ्याकडं पाहिलं. तुम्ही उकरलंत, आता तुम्हीच बुजवा, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

"घाबरू नका, आजी. यंदाचे चिकट वाफे कुठले?"

"सांगितल्यावर सरवा बंद करनार का?"

"नाही."

"लिहून देता?"

हळब्यांनी पेन उघडलं आणि खरोखरच समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण लिहिताना माणसाचा चेहरा वाचता येत होता. ती सांगू लागली. तगारे यादीवर बोट ठेवून एकेक आकडा तपासत होते. दोन. पाच. सहा. नऊ. त्यांचं बोट खाली खाली चाललं होतं आणि चेहराही.

"सोळा," ठकूबाई म्हणाली.

"चूक!" तगारे जवळजवळ ओरडले. "सोळा साधा आहे. पाहा! लिहिलंय इथे!"

"मग त्या कागदाला म्हनावं, परातीत हात घाल."

हळब्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून यादी पाहिली. "तगारे," ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बोट सतरावर आहे."

उरलेले आकडे तगारेंनी तपासले नाहीत. हळब्यांनी तपासले. मग ते कोपऱ्याकडं वळले. "डॉ. ओगले, प्रयोग तुमचा. तुम्हाला हे माहीत होतं?"

बाई लगेच उठल्या नाहीत. खिडकीबाहेर कापलेलं रान होतं, तिकडं एकदा पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग उठल्या.

"हो सर. यंदा मी वाफ्यावाफ्याच्या सरव्याचं वजन केलंय," त्या म्हणाल्या आणि चोवीसच्या चोवीस आकडे, कागद न घेता, दशांशासकट म्हणून दाखवले. आवाज कुठं हलला नाही. मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांची तयारी, मी मनात म्हणालो, या एका क्षणासाठी.

समितीनं लिहिलं, 'रोगमुक्त हंगामात रायच्या गुणसूत्रखंडामुळे उत्पन्नात लक्षणीय फरक आढळला नाही. वाणाची शिफारस करता येत नाही.' तगारेंनी निरोपाचा चहा घेतला नाही. मला एक लेखी ताकीद मिळाली. आणि पुढल्या वर्षीच्या तक्त्यात चौदाव्या कलमाखाली 'चौदा अ' असं नवं कलम आलं, 'सरव्याचे वजन'. नऊ वर्षं मी जे लपवलं, त्याला सरकारनं रकाना दिला. ठकूबाई पुढं कित्येक वर्षं म्हणत असे, "आमी आता चवदा अ हाये."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वांत उंच आठवडा होता. कारकून मंडळी उठून हात मिळवत होती. बायकोनं शेजारणींना सांगितलं. आरशातसुद्धा मी मला जरा बाजूनं पाहू लागलो होतो.

एकतीस मार्चला मी ओगलेबाईंना पोचवायला एस.टी. स्टँडवर गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि खोक्यात बियाण्याच्या कागदी पुड्या. गाडीला वेळ होता. मी दोन चहा आणले आणि आठवडाभर घोळवलेलं बोलून टाकलं.

"मॅडम, मी त्या दिवशी बोललो ते तुमच्यामुळे. चिंचेखाली तुम्ही काही बोलला नाहीत, ते फार लागलं मला. म्हटलं, या बाईंना समितीपुढं एकटं पडू द्यायचं नाही."

बाईंनी चहाचा घोट घेतला. 

"कुलथे, चिंचेखाली तुम्ही निरंक लिहिणार म्हणालात ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

मला कळेना.

"दहा दिवस झोपले नव्हते मी. मग ठरवलं, गप्प बसायचं. एकदाच. तीन वर्षं मिळाली असती. तीन वर्षांत मी तो चिकट कोपरा काढला असता, मग पुढं कधीतरी तांबेरा आला असता आणि हा गहू खरंच उभा राहिला असता. खोटे बारा टक्के मागाहून खरे करून दाखवले असते." त्या जरा हसल्या. "हळबे 'निरंक, ठीक' म्हणाले, तेव्हा म्हटलं, सुटले. आणि तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात."

माझ्या हातातला चहा निवत होता. "पण आकडे? तुम्हाला सगळे पाठ होते."

"झोप न लागलेल्या माणसाला काय पाठ होत नाही?"

"मग तुम्ही उठलात कशाला? नाही म्हणायचं. मला काहीच माहीत नाही म्हणायचं."

"तुम्ही अडीच किलोंसकट उभे होतात सगळ्यांसमोर," बाई म्हणाल्या. "त्यानंतर मी बसून राहिले असते, तर बरं दिसलं असतं का?"

गाडी लागली. मी ट्रंक टपावर चढवली, वळकटी चढवली. पुड्यांचं खोकं त्यांनी दिलं नाही, मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवला. त्यांनीही हलवला असावा. काच फार मळकी होती.